तलाव सारसांचा की आपला?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचतीचा आणि कर्जफेडीचा हिशेब झाला, आता दहा मिनिटं मला द्या. आपल्या तलावाकाठच्या गावांत सध्या एकच वाद सुरू आहे. तलाव पक्ष्यांसाठी राखीव करायचा की नाही? पानठेल्यावर बोलणं चालतं. एक जण म्हणतो, सारस वाचला तर गावाचं नाव होईल, पर्यटक येतील. दुसरा म्हणतो, आज पाटी लावतील, उद्या तारेचं कुंपण घालतील, मग गुरं कुठे नेायची? दोघांच्या बोलण्यात बाई कुठेच नाही. म्हणून विषय इथे काढला.

हे मालगुजारी तलाव आपल्या पूर्वजांनी पाळ घालून बांधले. त्यात कोहळी समाजाचं काम मोठं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, पण गावाचा निस्तार राहिला. गुरांचं पाणी, धुणं, धानाचं पाणी हे सगळं त्यातच येतं. म्हणजे तलाव काही रिकामी जागा नाही, की कुणी येऊन ‘राखीव’ लिहून जावं.

आता सारसाचं. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरलाय. गेल्या काही वर्षांच्या गणनेत आकडा पन्नासच्याही आत आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली. इतकं झालं तरी आपल्यातल्या कितीजणींना माहीत होतं? पण पावसाळ्यात सारसाचं घरटं पहिल्यांदा कोणाला दिसतं? रोवणीला, निंदणीला गेलेल्या बाईलाच! बांधीत गवताचा ढीग करतो, बहुधा दोन अंडी, महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात.

आणि इथेच मला या वादातली मोठी चूक दिसते. सगळे तलावावर भांडताहेत, पण सारस फक्त तलावात राहतच नाही. तो तलावाच्या उथळ काठावर कंद, किडे खातो, आणि चरायला, घरटं करायला आपल्या धानात येतो. विजेच्या तारांना लागून मरतो, फवारणीच्या औषधाने मरतो. तलावाला कुंपण घातलं म्हणून यातलं काय थांबणार? उलट आपण बाहेर आणि पक्षीही बाहेर, असं व्हायचं. ज्याच्या बांधीत घरटं आहे, त्याचं तेवढं धान मोडतं. त्याला नुसतं ‘पक्षी वाचव’ सांगणं सोपं आहे. त्याच्या धानाचे पैसे कोण, कधी देणार, हे आधी ठरावात लिहा, पाटी नंतर लावा.

काही गावांत म्हणतात, राखीव नको, सरळ खोलीकरण करा, पाणी जास्त साठेल. गाळ काढायला माझी ना नाही. पण जेसीबीने उथळ काठच खरवडला, तर शिंगाडा, कमळ, देवधान जातं, मासोळीची पिल्लं वाढायची जागा जाते, सारसाचं चरणंही जातं. काढायची असेल तर ती बेशरम काढा ना! तिने किती काठ खाल्लाय ते पाळीवर उभं राहिलं की दिसतं.

माझं मत विचाराल तर राखीव करावं. पण कोणत्या कायद्याने, हे विचारल्याशिवाय हात वर करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य वेगळं आणि संवर्धन राखीव वेगळं. अभयारण्यात जिल्हाधिकारी लोकांच्या हक्कांची चौकशी करतात. जाहीरनामा निघाला की दोन महिन्यांत आपला दावा लेखी द्यावा लागतो. तोंडी सांगून चालत नाही. संवर्धन राखीव सरकारी जागेवर, गावाशी सल्लामसलत करून होतं, आणि त्याच्या समितीवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. मला हा दुसरा रस्ता आपल्या तलावांना जास्त बरा वाटतो. कुणाला पटत नसेल तर आत्ताच बोला, मी काही वकील नाही.

आणखी एक. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४ च्या नियमांनी तिच्यात किमान एक तृतीयांश महिला सांगितल्या. आपल्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत, विचारून बघा. कधीकधी त्या बाईलाच माहीत नसतं की आपलं नाव आहे.

ढिवर मावशींसाठी वेगळं सांगते. सोसायटीच्या कागदावर नावं बहुतेक पुरुषांची, पण बाजारात टोपली घेऊन बसता तुम्ही. मासेमारी चार महिने बंद ठेवायची झाली, तर सोसायटीला विचारतील, तुम्हाला नाही. तेव्हा तुमचं नुकसान तुम्हीच मांडायचं.

तर पुढच्या सभेला प्रत्येक गटाने वहीत लिहून आणा: तलावातून आपण काय काय आणतो, कोणत्या महिन्यात, घरी किती लागतं, विकून किती येतं. गेल्या पावसाळ्यात कोणाच्या बांधीत घरटं होतं तेही लिहा, पण जागा बाहेर सांगत फिरू नका, फोटोवाले गर्दी करतात. लिहिता येत नसेल तर सीआरपी ताई लिहून घेतील. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते, तिथे ही वही वाचायची आणि ठरावाची प्रत मागून घ्यायची. ग्रामसेवकांना तारीख आजच विचारा. आणि म्हणावं, दुपारी बाराला ठेवू नका, रोवणी सुरू आहे, बाया बांधीत असतात.