जोखमीच्या वयातली बाळंतपणं
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



दवाखान्यात गरोदर बाईचं कार्ड भरताना वय अठराच्या आत किंवा पस्तिशीच्या पुढे असलं, की ‘जोखमीची माता’ अशी नोंद होते. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण कार्डावर वयाचा रकाना असतो. त्या वयात ती गरोदर का राहिली, याचा नसतो. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांपुरतं मला त्या नसलेल्या रकान्याविषयी बोलायचं आहे.

आधी मुलींचं. बालविवाह काही कोरोनाने आणले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्येच संपलं होतं. त्यात २० ते २४ वयाच्या शंभर जणींपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं; बीड-परभणीत तर चाळिसाहून जास्त जणींचं. सरपण रचलेलंच होतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘पोरगी शिकतेय’ म्हणून आई लग्न लांबवत होती, ते कारण गेलं. वर्ग मोबाइलवर, आणि घरातला एकुलता मोबाइल भावाच्या हातात. त्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. कर्जाला भ्यालेल्या बापाला ती पर्वणीच वाटली. मांडव नको, जेवणावळी नकोत. दारातल्या दारात उरकलं की बोभाटाही नाही. बालविवाह रोखायचा तो ग्रामसेवक कोरोनाच्या कामाला जुंपलेला. ऊसतोडीच्या भागात आणखी एक हिशेब असतो. तिथे उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे ‘कोयत्या’ला. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो!

आता पस्तिशीच्या पुढच्या. आपल्याकडे पाळणा थांबवणं म्हणजे बाईचं ऑपरेशन. राज्यातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ते झालेलं आहे. पुरुषांची नसबंदी शंभरात एकही नाही. टाळेबंदीत ही ऑपरेशनं आणि तांबी बसवणं थांबलं. निरोध आणि गोळ्या पोचवणारी आशा घरोघर ताप मोजत फिरत होती. नवरा मात्र चोवीस तास घरात. ज्यांचं ऑपरेशन राहिलं होतं, त्यांच्या हाती काय उरलं? चाळिशीतल्या काही जणी मला म्हणाल्या, “पाळी चुकली तेव्हा वाटलं, आता जायचीच वेळ झाली.” कळलं तेव्हा चौथा-पाचवा महिना.

गर्भपात ही अत्यावश्यक सेवा आहे, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं. पण एस.टी. बंद, तर तालुक्याला जायचं कशानं? अठराच्या आतल्या मुलीची अडचण वेगळीच. पोक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांत कळवावं लागतं, आणि नवऱ्यावर गुन्हा होईल या भीतीने घरचे तिला दवाखान्याची पायरीच चढू देत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातल्या किती डॉक्टरांना हे ठाऊक आहे, ते जाऊन विचारा.

त्या पोरी आज विशीत आहेत, काहींच्या कडेवर दुसरं मूल आहे. मी आमच्या भागातल्या शाळांकडे २०१९-२० चे आठवी ते दहावीचे पट मागितले आहेत. शाळा उघडल्यावर कोण परत आलं नाही, ते त्यावरून कळेल. तुम्हीही मागा, आणि पुढच्या बैठकीला येताना नावं घेऊन या.