घरचें वाचन आणि अर्थाचा शोध

सुमारें पस्तीस वर्षें मीं सातारा जिल्ह्यांतील शाळांत मराठी शिकविलें. आणि त्या सर्व काळांत एक चूक मोठ्या इमानानें केली. धडा संपला कीं फळ्यावर ‘भावार्थ’ लिहून द्यावयाचा, मुलांनीं तो उतरून घ्यावयाचा, आणि परीक्षेंत मला परत करावयाचा. मुलांस गुण मिळत. अर्थ मात्र माझ्यापाशींच राही. हें ध्यानांत आलें निवृत्तीनंतर, सांगलीस मुलीच्या घरीं.

माझी नात सातवींत आहे. तिचें वाचन अस्खलित; परंतु ‘यांतून काय कळलें?’ असें विचारलें कीं ती गाइडांतील उत्तर म्हणून दाखवी. गेल्या सुट्टींत ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचीत होती. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आपल्याच माणदेशाची, म्हणजे सातारा-सांगलीकडील दुष्काळी मुलुखाची. धनगरांच्या वाडींत एक तरुण मास्तर येतो, शाळा भरवितो, वाडीच्या श्रमांनीं तालीम उभी राहते. आणि पुढें दुष्काळानें वाडी ओस पडते. मीं विचारलें, “शेवट कसा वाटला?” ती म्हणाली, “पाऊस पडला नाही, म्हणून लोक गेले.” उत्तर खरें होतें, पण अर्थाच्या उंबरठ्यावरच थांबलेलें होतें.

संवयीप्रमाणें भावार्थ सांगण्यास मीं तोंड उघडलें, आणि मिटलें. आपल्या शास्त्रकारांनीं शब्दाच्या तीन शक्ति सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. गंगेवरील गवळीवाड्याचें त्यांचें उदाहरण प्रसिद्धच आहे. मीं तें कृष्णाकांठीं आणलें. म्हणालों, “सांगली कृष्णेवर वसली आहे. म्हणजे पाण्यावर का गं?”

ती हंसली. “पाण्यावर कसं? कांठावर!”

“मग कांठावर न म्हणतां कृष्णेवर कां म्हणतात?”

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “नदी अगदी जवळ आहे म्हणून. पुरात घरात आली होती ना, आजोबा.”

ऑगस्ट २०१९ चा तो महापूर. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. नात तेव्हां पांच-सहा वर्षांची होती. शास्त्रकारांस त्यांच्या वाक्यांत शीतलता आणि पावित्र्य ऐकूं आलें होतें. या मुलीस भय ऐकूं आलें. व्यंजना म्हणतात ती हीच, आणि ती कोणत्याहि गाइडांत नव्हती.

“आतां वाडीकडे परत जाऊं,” मी म्हणालों. तिनें तालमीचीं पानें पुन्हां काढून मोठ्यानें वाचलीं. वाचतां वाचतां थांबली. “तालीम तिथंच राहिली, आजोबा, बांधणारे गेले. पुरात घर सोडताना बाबासुद्धा दाराकडं बघत उभे होते.”

त्या क्षणीं माझ्या साऱ्या भावार्थांपेक्षां तिचें वाक्य मला मोलाचें वाटलें. तरी मीं विचारलेंच, “वाडीच्या लोकांनाहि तसंच वाटलं असेल, हें कशावरून?” आणि ती पुस्तकांत आधार शोधूं लागली.

श्रोतेहो, घरीं करण्याजोग्या गोष्टी एवढ्याच आहेत. पुष्कळ पानांऐवजीं एकच पान मुलाकडून मोठ्यानें दुसऱ्यांदा वाचवून घ्यावें. प्रश्न विचारल्यावर आपण गप्प बसावें; मुलाचें मौन म्हणजे अज्ञान नव्हे, तो विचाराचा वेळ असतो. आणि उत्तर कांहींहि येवो, ‘कशावरून?’ असें प्रेमानें विचारावें. स्वतःची आठवण अर्थाचें दार उघडते खरी. पण पुस्तकाच्या शब्दांत आधार नसेल, तर ती नुसती कल्पना होय.

यासाठीं आई-बाप पदवीधर असावयास नकोत. मी स्वतः मॅट्रिकच आहें. ज्या आईनें पूर पाहिला, ज्या बापानें दुष्काळांत गुरें चारा-छावणीवर नेलीं, त्यांच्यापाशीं अर्थाचें भांडार आहे. मुलाशेजारीं अर्धा तास बसण्याचीच काय ती उणीव. ती भरून काढा, एवढेंच मागून मी आपली रजा घेतों.