सात, आठ की साठ?



घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "जरा मोठ्यानं बोल." आपण आवाज चढवला, की लगेच ऐकवतात, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" मग घरचे वैतागतात. "त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं," असंही कुणी म्हणून जातं. हा आरोप फार अन्यायाचा आहे. दोष त्या माणसाच्या स्वभावात नसतो, कानात असतो.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तिच्यात सुमारे 15 हजार केशपेशी असतात आणि त्यातल्या बहुतेकींचं काम म्हणजे हलका आवाज वाढवून देणं. वयानं किंवा वर्षानुवर्षं गोंगाटात काम केल्यानं त्या मरतात आणि पुन्हा येत नाहीत. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी सहसा आधी जातात. उंच पट्टीचे आवाज टिपले जातात ते तिथंच. स, श, त, थ, फ ही व्यंजनं त्या पट्टीतली. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले. त्यामुळे डॉक्टर "सात" म्हणोत, "आठ" म्हणोत की "साठ", रुग्णाच्या कानात ठळकपणे उरतो तो फक्त "आ". "ऐकू येतं, पण कळत नाही," ही तक्रार शब्दशः खरी असते.

आता त्या ओरडण्याचं. निरोगी कानाला साधारण 0 डेसिबलपासून ऐकू येतं आणि 100च्या आसपास आवाज असह्य होतो. समजा, एखाद्याला 60च्या खालचं काहीच ऐकू येत नाही. पण त्याची असह्यतेची मर्यादा मात्र 100च राहते. म्हणजे सगळं जग आता उरलेल्या 40 डेसिबलमध्ये बसवायचं. सगळेच आवाज सारखे वाढवणारं यंत्र त्याला दिलं, तर कुजबुज ऐकू येईल, पण पातेलं पडलं की तो कळवळेल.

म्हणून चांगलं श्रवणयंत्र हलका आवाज भरपूर वाढवतं, मध्यम थोडा, आणि मोठा जवळजवळ तसाच सोडतं. मायक्रोफोननं टिपलेला आवाज सेकंदाला 16 ते 20 हजार वेळा मोजून त्याचे आकडे केले जातात. चिप त्यांची पट्ट्यापट्ट्यांत विभागणी करते, ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, जिथं घट दिसली तिथंच भर घालते आणि पुन्हा आवाज करून कानात सोडते. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या वेळात. मला याचं अजूनही नवल वाटतं. एका जुन्या गोष्टीचंही वाटतं: ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला रेडिओ आठवतो, पण ट्रान्झिस्टरचा पहिला रेडिओ बाजारात आला 1954 साली. त्याआधी, 1952 च्या अखेरीसच, अमेरिकेत ट्रान्झिस्टर श्रवणयंत्रात बसला होता.

लग्नाच्या हॉलमध्ये मात्र यंत्राची कसोटी लागते. दोन मायक्रोफोन असलेलं यंत्र समोरच्या माणसाकडे जास्त लक्ष देतं, तरी बँड आणि गप्पा यांतून एकच आवाज वेगळा काढणं त्याला पूर्ण जमत नाही. मेलेल्या पेशी तर कोणतंच यंत्र परत आणत नाही. तेव्हा समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. ओरडून व्यंजनं स्पष्ट होत नाहीत.

यंत्र घेतल्यावर महिन्याभरात ते कपाटात जातं, ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. कारण बहुधा असं, की मेंदूला पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ यांची सवय राहिलेली नसते. ती काही आठवड्यांत परत येते. आधी शांत खोलीत थोडा वेळ यंत्र घालावं, मग वेळ वाढवावा. सतत शिट्टी वाजत असेल तर बहुतेक वेळा आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरत असतो. कानातला साचा नीट बसतोय का, मळ साठलाय का, ते तपासून घ्यावं. आणि यंत्राची किंमत विचाराल तेव्हाच हेही विचारा, की पुढची फेरजुळणी कोण करणार आणि किती वेळा करणार.