भीतीचा झटका



आज एका निराळ्या दुखण्याविषयी बोलू. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. हे दुखणे तसे कळत नाही. पण ज्याला होते त्याचा जीव अर्धा होतो.

समजा, एक गडी बाजाराला गेला. चांगला धडधाकट. गर्दीत उभा असताना एकाएकी त्याची छाती धडधडू लागते. घाम फुटतो. हातपाय कापतात. श्वास पुरत नाही. बोटांना मुंग्या येतात. ‘आता मी मरतो,’ असेच त्याला वाटते. दहा मिनिटांच्या आत हे टोकाला जाते. मग हळूहळू ओसरते. याला भीतीचा झटका म्हणतात. डॉक्टर ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात.

कोणी म्हणते, बाहेरचे लागले. कोणी म्हणते, सोंग करतो. दोन्ही खोटे.

मग हे होते कसे? बैल अंगावर धावून आला तर आपण पळतो. पळायला बळ लागते. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून एक रस रक्तात उतरतो. त्याने काळीज जोरात चालते, श्वास वाढतो. ही देहाची राखण आहे. पण चोर नसताना कुत्रे भुंकावे, तसे कधी कधी बैल नसतानाच हे सारे सुरू होते. श्वास भरभर घेतला की घेरी येते, मुंग्या येतात. त्याने माणूस आणखी घाबरतो. भीतीने भीती वाढते.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हृदयविकारातही छाती दुखते, घाम येतो. दोहोंतला फरक आपला आपल्याला कळत नाही. म्हणून छातीत दुखले किंवा असे पहिल्यांदाच झाले, तर घरी थांबू नका. १०८ या नंबरावर फोन करा. गाडी येते, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात काळीज तपासून घ्या. रक्तही तपासून घ्या.

काळीज ठीक आहे असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पुन्हा तसाच झटका आला, तर काय कराल? आहात तिथेच खाली बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या. मनात चार आकडे मोजा. मग सहा आकडे मोजत श्वास सोडा. मनाला सांगा, ‘हा झटका आहे. तो ओसरणार आहे.’

घरच्यांनी भोवती गर्दी करू नये. कांदा, चप्पल हुंगवू नये. रागावू नये. ‘दादा, मी जवळ आहे,’ एवढे बोलावे.

झटका ओसरतो, पण धास्ती मागे राहते. माणूस बाजार सोडतो. मग एस.टी. सोडतो. मग शेतावर एकटा जाईनासा होतो. खरे नुकसान हे आहे. जितके टाळाल तितकी भीती बळावते. म्हणून थोडे थोडे पुढे जा. आज सोबत घेऊन बाजाराच्या कडेपर्यंत. चार दिवसांनी आत. मग एकटे.

यावर इलाज आहे. जाणकार माणसाशी बोलून, शिकून पुष्कळांना गुण येतो. काहींना गोळ्या लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. मधेच आपल्या मनाने गोळ्या सोडू नका. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, त्यांची सवय जडते. दारूने भीती दबल्यासारखी वाटते, पण मागाहून वाढते. तंबाखू सोडा, चहा कमी करा.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतात. १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ साली सुरू झाला. रात्री-अपरात्री लावला तरी चालतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

पाय मोडला तर आपण लाजत नाही. मन घाबरले तर का लाजावे? तुमच्या आळीत कोणी असे दुखणे लपवून बसले असेल. त्याला हा धडा वाचून दाखवा.