काऊ बाहेर काऊन राहिला?
(गणेशोत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

पांढुर्णा आणि सौंसरहून आलेल्या बंधुभगिनींनो, आणि प्रसादाच्या आशेनं पुढे बसलेल्या बालगोपाळांनो,

या उन्हाळ्यात आमच्या घरी एक इंग्रजी चित्रकादंबरी आली. नाव 'रॅपन्झेल्स रिव्हेंज'. शॅनन आणि डीन हेल या नवरा-बायकोनं लिहिलेली, नेथन हेल यांनी चितारलेली. आडनाव एकच, पण नातं नाही. साल २००८. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या मूळ गोष्टीत मुलगी मनोऱ्यात कोंडलेली असते आणि राजपुत्र तिचे केस धरून वर चढतो. इथे ती कोणाची वाट बघत नाही. उंच झाडातल्या कोठडीतून आपल्याच वेण्यांच्या आधारानं निसटते आणि पुढे त्याच वेण्यांचा चाबूक करून दुष्टांना लोळवते. सोबतीला आभाळाला भिडणाऱ्या वेलाच्या गोष्टीतला जॅक!

आमची सहावीतली नात खो-खो हसत होती. आमचं इंग्रजी बेताचं, पण चित्रं बघून आम्हीही हसलो. मग तिनं विचारलं, "आजी, आपली अशी गोष्ट नाही का?" आम्ही चिऊ-काऊची सांगितली. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, बंद दार. सगळं ऐकून ती म्हणाली, "पण काऊ बाहेर काऊन राहिला? दार ढकललं काऊन नाही?"

शाळा हिंदी माध्यमाची, पण 'काऊन' अजून जिभेवर आहे, याचंच आम्हांला समाधान वाटलं.

मग गल्लीतली चार पोरं जमली आणि जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर चित्रकथा सुरू झाली. काऊचं घर जाम नदीच्या पुरात गेलं. उरली ती कढई घेऊन तो चिऊच्या दारात आला. चिऊ आतून सबबी सांगतेच आहे. पाचव्या पानावर तर ती मोबाइलवर बोलते. शेवटी काऊनं वळचणीलाच भज्यांचं दुकान टाकलं. वासानं चिऊनंच दार उघडलं, वर "चटणी आहे का?" म्हणून विचारलं!

कोणी म्हणेल, जुनी गोष्ट बिघडवली. पण ही गोष्ट लीळाचरित्रात आहे, चक्रधरस्वामींनी सांगितलेली. वरुड, मोर्शी ओलांडलं की रिद्धपूर. तिथं तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळा लिहून काढल्या. आणि त्या गोष्टीत चिमणी नाहीच, साळई आहे! कोण्या आजीनं केव्हातरी साळईची चिमणी केली. बदलली म्हणूनच ती सातशे वर्षं टिकली.

हसू थांबलं ते पोरांचं लिखाण वाचताना. चौघांपैकी तिघांनी 'कावळा'ऐवजी 'कावला' लिहिलं होतं. त्यांची काय चूक? बोलतात ती भाषा मराठी, पण हिंदीच्या पुस्तकात 'ळ' भेटत नाही आणि घरात आम्ही कधी गिरवून घेतला नाही.

१९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या. विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. ते दार आपण लावलं नव्हतं. पण घरातलं दार? मूल म्हणतं, मराठी शिकवा. आम्ही म्हणतो, थांब, आधी परीक्षा होऊ दे. थांब, आधी इंग्रजी पक्कं होऊ दे. त्या गोष्टीतली चिऊ आम्हीच आहोत, हे आम्हांला त्या पाचव्या पानावर कळलं. तो मोबाइलही आमचाच होता.

म्हणून मंडळाला एकच विनंती. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत चार पानं पोरांच्या मराठी चित्रकथांसाठी ठेवावीत. गोष्ट कोणतीही घ्या, हवी तशी उलटीपालटी करा. फक्त छापायला देण्याआधी आजी-आजोबांनी शेजारी बसून 'ळ' तपासावा. आमच्या घरी तो आता रोज रात्री जेवणानंतर गिरवला जातो, आणि भज्यांची फर्माईश वाढली आहे.

गणपती बाप्पा मोरया!