पाच शतांश गुण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाचा मुलींचा व्यायामवर्ग पुढे चालू ठेवावा की नाही, असा प्रश्न यंदा निघाला. कारण काय, तर इतक्या वर्षांत एकही ढाल आली नाही! त्यावर वाद घालण्याऐवजी मी आज एका रुमानियन बाईंची हकिगत सांगणार आहे.

रुमानियाच्या कोवास्ना जिल्ह्यात झागोन नावाचे गाव आहे. तेथल्या हंगेरियन भाषिक घरात कातालिन साबो जन्मली. ‘साबो’ म्हणजे शिंपी. देशाच्या संघात मात्र कातालिनची एकातेरिना झाली. लहान वयातच ती बेला आणि मार्ता कारोली या पतिपत्नींच्या हाताखाली जिम्नॅस्टिक्स शिकू लागली. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये पूर्ण दहा गुण मिळवणारी नादिया कोमानेची हीही त्यांचीच शिष्या. १९८१ साली हे दांपत्य अमेरिकेत गेले ते तिकडेच राहिले. एकातेरिनाची तालीम देवा या गावी दुसऱ्या शिक्षकांकडे पुढे चालली.

१९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सामने झाले. सोव्हिएट रशिया आणि त्याच्या मित्रराष्ट्रांनी बहिष्कार घातला. रुमानियाचा संघ मात्र गेला. चारही साधनांवरील वैयक्तिक अजिंक्यपदाची चुरस एकातेरिना आणि अमेरिकेची मेरी लू रेटन यांच्यात होती. तुळई म्हणजे पाच मीटर लांब आणि अवघी दहा सेंटिमीटर रुंद. आपल्या जेवणाच्या पाटाहूनही अरुंद! तीवर एकातेरिनाने पूर्ण दहा गुण मिळवले. शेवटी रेटनची घोड्यावरील उडी उरली. ९.९५ गुण पडले तर बरोबरी, दहा पडले तर विजय. तिला दहा पडले. रेटनचे गुण ७९.१७५ आणि एकातेरिनाचे ७९.१२५. आणि योग असा, की रेटनचे शिक्षक होते तेच बेला कारोली!

परीक्षेत अर्धा गुण गेला तर आपण मुलीला किती बोलतो! इथे गेले होते पाच शतांश. संघाचे सुवर्णपदक तिला आधीच मिळाले होते; या पराभवानंतर थोड्याच दिवसांत तिने घोडा, तुळई आणि जमिनीवरील कसरत अशी आणखी तीन सुवर्णपदके जिंकली. १९८७ साली रॉटरडॅमला रुमानियाच्या संघाने रशियाला मागे टाकून जगज्जेतेपद मिळवले, त्यातही ती होती. त्याच सुमारास तिने स्पर्धेतून निवृत्ती घेतली.

माझ्या मते खरी हकिगत इथून पुढे सुरू होते. खेळाडूची साबोबाई शिक्षिका झाली. १९९२ साली त्या फ्रान्सला गेल्या आणि क्लेरमाँ-फेराँ शहराला लागून असलेल्या शामालिएर या गावी मुलींना शिकवू लागल्या. ऑलिंपिक गाजवलेली बाई गावच्या क्लबात रमली.

या शिक्षणाची रीत पाहण्यासारखी असते. मुलीला एकदम उंच तुळईवर चढवत नाहीत. आधी जमिनीवरच्या रेघेवरून चालायचे, मग बुटक्या तुळईवरून. पडायचे कसे, हेही आधीच शिकवतात. खाली जाड गाद्या असतात आणि अवघड उडीच्या वेळी शिक्षिकेचा हात कमरेशी असतो. तो हात कधी काढून घ्यायचा, हे कळणे हीच तिची विद्या.

या विद्येची दुसरी बाजूही विसरू नये. पदकांच्या हव्यासापायी मुलींना उपाशी ठेवले गेले, मारहाण झाली, हे रुमानियाच्याच काही खेळाडूंनी पुढे उघडपणे सांगितले आहे. ढालीसाठी मुली, की मुलींसाठी वर्ग, हे पहिल्यांदा ठरवावे लागते ते यासाठीच.

शिकलेल्या शंभर मुलींत एखादीच स्पर्धेला उतरेल. उरलेल्या नव्व्याण्णव जणी ताठ पाठीने चालतील, पडल्या तर सावरून उठतील. ही कमाई कपाटात मांडता येत नाही, म्हणून ती कमी का मानावी? चार सुवर्णपदके मिळवलेल्या बाईला गावच्या मुली शिकवण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला आपला वर्ग चालवण्यात तो का वाटावा?

वर्ग चालू राहावा, आणि आपापल्या मुली, सुना, नाती त्यात पाठवाव्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.