पाणी माणशी वाटायचं

विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचं, असंच आपण धरून चालतो. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात हा हिशोब वेगळ्या तऱ्हेनं मांडला गेला. त्याची गोष्ट आज ऐकू या.

1972 चा दुष्काळ. तुमच्यातल्या थोरल्यांना खडी फोडलेली आठवत असेल. त्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनिअर, विलासराव साळुंखे, पुरंदरमध्ये फिरले. नायगावला देवस्थानची सुमारे 40 एकर माळजमीन कराराने घेऊन त्यांनी तिथं पावसाचं पाणी अडवलं, मुरवलं. त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचा मुख्य नियम असा, की पाणी एकरावर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. म्हणजे वीस एकरवाल्याच्या घरी पाच माणसं आणि तीन एकरवाल्याच्या घरीही पाच, तर दोघांचं पाणी सारखं. आता जरा बोटांवर मोजा बरं. माणशी म्हटलं की म्हातारी सासू आली, लेक आली, तुम्हीही आलात! सातबाऱ्यावर आपलं नाव नसतं, पण या मोजणीत आपण असतो.

ज्याला जमीनच नाही त्या मजुराच्या घरालाही पाण्याचा हक्क. दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचं, पाणी मात्र स्वतःचं. आणि कुणी जमीन विकली, तर तिच्याबरोबर पाणी विकलं जात नाही.

योजना एकट्यादुकट्याला मिळत नसे, गट करावा लागे. खर्चाचा पाचवा हिस्सा गटानं आधी भरायचा. पाळी द्यायला पाटकरी नेमलेला, त्यामुळे रात्री कुणी कुणाचं दार फोडायचं कारण नाही.

सगळ्यात अवघड नियम, मला विचाराल तर, उसाचा. ऊस लावायचाच नाही! समोर रोख पैसा दिसत असताना घरच्या माणसाला थांबवणं सोपं नसतं, हे तुम्हांला मी काय सांगावं. पण ऊस वर्षभर पाणी पितो, आणि तेवढ्यात कितीतरी घरांची ज्वारी, भाजीपाला निघतो.

तुमच्या गावात सामाईक विहीर, बंधारा किंवा तळं असेल, तर गटाच्या येत्या बैठकीत एवढं विचारा: आपल्याकडे पाण्याची पाळी कशावर ठरते? एकरावर, मोटारीच्या हॉर्सपॉवरवर, की माणसांवर? आणि एकटीनं घर चालवणाऱ्या बाईची पाळी कितव्या दिवशी येते, तेही वहीत लिहा.